जुन्या थिंकपॅडमधले १२ मेगाबाइट

लॅपटॉपचं बटण दाबलं की प्रोसेसर पहिली आज्ञा हार्ड डिस्कवरून वाचत नाही. ती येते मदरबोर्डवरच्या, आठ पायांच्या, हरभऱ्याएवढ्या फ्लॅश चिपमधून. रॅम जागी करणं, पडदा उजळणं, डिस्क शोधून पुढचा कारभार लिनक्सच्या हाती देणं, हे सगळं त्या चिपमधलं फर्मवेअर करतं. कारखान्यातून येतं ते बंद असतं: आत काय लिहिलंय ते पाहता येत नाही आणि कंपनीनं अपडेट थांबवले की त्यातली भोकं तशीच राहतात. या जागी बसवायचा मुक्त पर्याय म्हणजे कोअरबूट. १९९९ साली लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी तो लिनक्सबायोस या नावानं सुरू केला, २००८ साली नाव बदललं. आज क्रोमबुकांमध्ये हेच चालतं, त्यामुळे हा काही हौशी खेळ नाही.

सुरुवात करायला २०१२ चा थिंकपॅड एक्स२३० उत्तम. त्याची रॅम जागी करणारा कोड पूर्ण मुक्त आहे, पडद्यासाठीही एडा भाषेत लिहिलेला मुक्त कोड आहे आणि मदरबोर्ड बाहेर न काढता चिपांपर्यंत हात पोचतो. चिपा दोन आहेत: पडद्याच्या बाजूची, म्हणजे वरची, ४ मेगाबाइटची आणि टचपॅडच्या बाजूची, म्हणजे खालची, ८ ची. या १२ मेगाबाइटांची वाटणी समजली की अर्धं काम झालं. सुरुवातीला ४ किलोबाइटचा डिस्क्रिप्टर, म्हणजे जागेचा नकाशा. मग ८ किलोबाइटमध्ये नेटवर्क कार्डाची माहिती. त्यानंतर जवळपास ५ मेगाबाइट इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनाचे. उरलेले ७ बायोसचे, आणि कोअरबूट बसतं ते एवढ्यातच.

मॅनेजमेंट इंजिन म्हणजे प्रोसेसरशेजारी स्वतंत्रपणे चालणारा इंटेलचा छोटा संगणक. त्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. या पिढीत ते सगळं पुसलं तर मशीन तीसेक मिनिटांनी आपोआप बंद पडतं. एमई क्लीनर नावाचं साधन त्याला कापून १०० किलोबाइटच्या आत आणतं आणि सुरुवातीच्या टप्प्यातच थांबवतं, पण तेवढा बंद तुकडा राहतोच. तोही नको असेल तर २००८ चा एक्स२०० घ्यावा. तिथे इंजिन चिपमधून समूळ काढता येतं, फक्त वेग बराच कमी मिळतो.

स्क्रू सोडण्याआधी एक काम: कंपनीचा शेवटचा बायोस अपडेट करून घ्या. कीबोर्ड, पंखा आणि बॅटरी सांभाळणाऱ्या एम्बेडेड कंट्रोलरचं फर्मवेअर त्याच अपडेटमधून येतं. कोअरबूट बसलं की परत जुनं फर्मवेअर घातल्याशिवाय तो रस्ता बंद. कंपनीबाहेरची बॅटरी नाकारणारं कुलूपही याच कंट्रोलरमध्ये असतं, म्हणून कोअरबूटनं ते सुटत नाही. वाय-फाय कार्डांवरचं बंधन मात्र बायोसमध्ये आहे, ते जातं.

आता बॅटरी आणि चार्जर काढा, कीबोर्ड आणि पामरेस्ट उचला, घड्याळाच्या छोट्या बॅटरीची पिनही सोडवा. काळा प्लास्टिकचा पापुद्रा बाजूला केला की चिपा दिसतात. चिपचे पाय चिमट्यासारखे पकडणारी क्लिप लागते, ती एसओआयसी-८ (आठ पायांच्या चिपेच्या) मापाची. पोमोना ५२५० महाग आहे, पण स्वस्त क्लिपा घसरतात आणि इथे सगळं पकडीवरच अवलंबून आहे. वाचायला-लिहायला रास्पबेरी पाय हा एका पाटीवरचा छोटा संगणक पुरतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन मिळणारा काळा सीएच३४१ए प्रोग्रामर जसाच्या तसा वापरू नका. त्याच्या डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात आणि ही चिप ३.३ व्होल्टची आहे.

चिपच्या कोपऱ्यातला ठिपका म्हणजे पाय क्रमांक १. रास्पबेरी पाय बंद असतानाच जोडणी करा: चिपचा १ हा रास्पबेरीच्या २४ क्रमांकाच्या पिनला, २ → २१, ४ → २५, ५ → १९, ६ → २३ आणि ८ → १७. चिपचे ३ आणि ७ मोकळे सोडले तरी चालतात. तारा १० सेंटिमीटरच्या आतच ठेवा, लांब तारांत सिग्नल बिघडतो. वेग १००० किलोहर्ट्झच्या आसपास ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ वाचण्याला द्या. फ्लॅशरॉम या चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या साधनानं प्रत्येक चिप तीनदा वाचा आणि तिन्ही फाइलींचे शा-२५६ आकडे, म्हणजे फाइलींचे ठसे, जुळवा. एक जरी वेगळा आला तर क्लिप काढून पुन्हा बसवा, पुढे जाऊ नका. तिन्ही जुळले तरी फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे तिचे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडून बघा: सगळीकडे एफएफ किंवा शून्यच असेल तर चिपला वीज किंवा संपर्क मिळालेलाच नाही, आणि अशा तीन रिकाम्या फाइली एकमेकींशी छान जुळतात! हा बॅकअप दुसरीकडून मिळत नाही. नेटवर्कच्या तुकड्यातले पहिले सहा बाइट म्हणजे तुमच्या मशीनचा मॅक पत्ता, नेटवर्कवरची त्याची ओळख. दुसऱ्याची फाइल वापरली तर त्याचा पत्ता तुमच्या मशीनला चिकटतो. बॅकअप या लॅपटॉपबाहेर दोन ठिकाणी ठेवा.

बांधणी दुसऱ्या लिनक्स मशीनवर करा. आधी नॅट हा एडाचा कंपायलर टाका. तो नसेल तर पडद्याचा कोड बांधलाच जात नाही. मग कोअरबूटचा स्वतःचा कंपायलर बांधायचा, जुन्या मशीनवर त्याला तासभरही लागतो. आधी ८ ची आणि मग ४ ची फाइल जोडून १२ ची एक करा, कोअरबूटच्या आयएफडीटूल या साधनानं नकाशाप्रमाणे तिचे तुकडे काढा, इंजिनाचा तुकडा एमई क्लीनरनं कापून घ्या. कोअरबूटच्या मेन्यूमध्ये मेनबोर्ड एक्स२३०, रॉम १२ मेगाबाइट, सीबीएफएस (कोअरबूटच्या फाइलींची जागा) ७ मेगाबाइट, पेलोड (कोअरबूटनंतर चालणारा, डिस्कवरून लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) सीबायोस. मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरला दिलेला इंटेलचा दुरुस्तीचा कोड, काढू नका. तो बंद असला तरी प्रोसेसरमधल्या चुका त्यानंच सुधारतात. सीबीएफएस ४ मेगाबाइटचं ठेवलं तर फक्त वरची चिप लिहावी लागते. इंजिनाला हात लावायचा नसेल तर हा मार्ग चांगला.

बांधून तयार झालेल्या रॉमच्या फाइलीचे दोन भाग करा: पहिले ८ मेगाबाइट खालच्या चिपमध्ये, शेवटचे ४ वरच्या. अदलाबदल झाली तर माप जुळत नाही म्हणून फ्लॅशरॉम लिहायलाच नकार देतो. लिहून झालं की तो स्वतः पडताळणी करतो. ती संपेपर्यंत क्लिपला धक्का लागू देऊ नका.

पहिल्यांदा सुरू करताना रॅमची पारख चालते, तेव्हा काही सेकंद पडदा काळाच राहतो. मिनिटभर काहीच झालं नाही तर एकच रॅमची पट्टी ठेवून बघा, मग दुसऱ्या खाचेत. तरीही मशीन उठलं नाही तर क्लिप लावून बॅकअप परत लिहा, लॅपटॉप पूर्वीसारखा होतो. म्हणून पामरेस्टचे स्क्रू लगेच आवळू नका, लिनक्स पूर्ण चालू झालेलं बघा, मगच बंद करा. बांधताना डिस्क्रिप्टरचं लिहिण्यावरचं कुलूप आयएफडीटूलनं उघडून ठेवलं असेल, तर पुढचे अपडेट लिनक्सच्या आतूनच होतात: कर्नलला आयओमेम रिलॅक्स्ड हा पर्याय द्यायचा आणि फ्लॅशरॉमला फक्त बायोसचा भाग लिहायला सांगायचं.