कासचा सडा उजाड का म्हणू नये

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तेथून सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटर पूर्वेला, पर्जन्यछायेतल्या दहिवडीच्या शिवारात तो पाचशेच्या घरात येतो. साहजिकच एकाच जिल्ह्यात सदाहरित जंगलही आहे आणि काटेरी झुडपांचे माळरानही. पाऊस, ऊन, खडक, मातीतले क्षार हे अजैविक घटक आणि वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव हे जैविक घटक यांच्या परस्परसंबंधांतून उभ्या राहणाऱ्या व्यवस्थेला परिसंस्था म्हणतात. ही संकल्पना ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्सली यांनी १९३५ मध्ये मांडली. आपल्याकडे मात्र झाडी जितकी दाट तितकी परिसंस्था चांगली, असा एक हिशेब रुजून बसला आहे, आणि साताऱ्याच्या डोंगरमाथ्यांवरचे सडे, म्हणजे उघड्या खडकाची सपाट पठारे, त्या हिशेबात कुठेच बसत नाहीत.

सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर असलेले कासचे पठार हा असाच एक सडा. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ स्थळांचा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत कासही आहे. येथे काळ्या बेसाल्ट खडकावर जांभ्याचा थर आहे. उष्ण आणि पावसाळी हवामानात बेसाल्टमधली सिलिका आणि विरघळणारे क्षार दीर्घ काळ धुपून गेले, मागे लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे उरली, आणि त्यातून हा तांबूस, सच्छिद्र दगड तयार झाला. त्यावरची माती अत्यंत पातळ, आम्लधर्मी, आणि नत्र व स्फुरद या दोन्हींच्या बाबतीत कंगाल आहे. सजीवाची वाढ ज्या गरजेच्या गोष्टीची सर्वांत जास्त टंचाई असते तिच्यापाशी अडते आणि त्या गोष्टीला मर्यादक घटक म्हणतात. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही, कारण उसाला पाणी कितीही पाजले तरी जमिनीत नत्र नसेल तर तो पिवळाच पडतो.

सड्यावर नत्राची ही तूट काही वनस्पतींनी कीटक आणि सूक्ष्मजीव पकडून भरून काढली आहे. ‘सीतेची आसवे’ या नावाने ओळखली जाणारी निळी-जांभळी फुले पाहायला लोक दुरून येतात, पण या वनस्पतीचे खरे काम ओल्या मातीत, नजरेआड चाललेले असते. तेथे तिला टाचणीच्या डोक्याएवढ्या किंवा त्याहून बारीक पिशव्या असतात. पिशवीतले पाणी बाहेर टाकून वनस्पती आत दाब कमी करून ठेवते. एखाद्या सूक्ष्म जलचराचा तोंडाजवळच्या केसांना धक्का लागला की झडप उघडते, भक्ष्य पाण्यासकट आत ओढले जाते आणि झडप मिटते. हे सगळे सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळात उरकते. शेजारीच उगवणारी दवबिंदू ही वनस्पती पानांवरच्या चिकट ग्रंथींवर कीटक अडकवते आणि पाचक स्रावांनी त्यांतला नत्र शोषून घेते. सुपीक जमिनीत उंच गवत आणि झुडपे अशा चिमुकल्या रोपांना सावलीत गाडून टाकतील. येथे त्यांचा निभाव लागतो तो जमीन निकृष्ट आहे म्हणूनच.

एखादी जात राहते ती जागा म्हणजे तिचा अधिवास, आणि त्या जागेत ती काय वापरते, केव्हा वापरते आणि कोणाच्या उपयोगी पडते, हे सारे मिळून तिची निश. सड्यावर अधिवास एकच भासला तरी निश अनेक आहेत. दोन फाट्यांचा तुरा मिरवणारा वायतुरा ही प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त याच प्रदेशात आढळणारी, जात पावसाळी डबक्यांत फुलते आणि उरलेले कोरडे महिने जमिनीखाली कंदाच्या रूपाने काढते. गेंदाची पांढरी बोंडे ओलसर पातळ मातीवर येतात. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदाच, पण सगळीकडे एकदम फुलते. एकाच वेळी इतके बी पडले की खाणारे खाऊन थकतात आणि पुरेसे बी शिल्लक राहते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

उघड्या खडकावर आधी दगडफूल व शेवाळ, मग गवत, मग झुडपे आणि अखेर जंगल, या क्रमाला अनुक्रमण म्हणतात. सड्यावर तो क्रम अडलेला दिसतो, कारण माती साठण्याआधीच पाऊस ती वाहून नेतो. जेथे ती साठते त्या कडेच्या उतारांवर झाडी आहेच. तेव्हा माथ्यावर झाडे नसणे हा तेथील नैसर्गिक क्रम आहे, आणि तेथे खड्डे खणून, बाहेरची माती आणून वृक्षारोपण करणे म्हणजे, हेतू कितीही चांगला असला तरी, चालती परिसंस्था मोडणे होय.

‘रिकाम्या’ म्हणवल्या जाणाऱ्या सड्याची अन्नसाखळी किती घट्ट विणलेली असते, हे सातारा जिल्ह्यातल्याच चाळकेवाडीच्या पठारावर दिसून आले. तेथे अनेक वर्षांपासून पवनचक्क्या आहेत. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी पवनचक्क्या नसलेल्या भागापेक्षा जवळपास चौपट कमी आढळले. ते ज्यांना टिपतात त्या, गळ्याखाली रंगीत पंखा उलगडणाऱ्या सरड्यांची संख्या मात्र तेथे जास्त होती. त्यांच्या रक्तातले ताणाशी निगडित संप्रेरक कमी होते आणि माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नसत. नरांच्या गळ्याचे रंगही फिके होते; सरडे वाढल्याने खाद्यासाठी चढाओढ वाढली आणि त्याचा हा परिणाम असावा, असे संशोधकांचे अनुमान आहे. वाऱ्यापासून मिळणारी वीज कोळशाच्या विजेपेक्षा स्वच्छ आहे, याबद्दल वाद नाही. पण पात्यांना धडकून किती पक्षी मेले, एवढ्याच मोजणीत सरड्यांमधला हा बदल कधीच सापडला नसता.