आरसा वेगळा, मध्यबिंदू वेगळा

अ‍ॅनालॉग लेआउट, म्हणजे चिपवर ट्रान्झिस्टर आणि तारांची मांडणी, नव्याने शिकणाऱ्याला 'सिमेट्रिक ठेव' आणि 'कॉमन सेंट्रॉइड कर' ही एकच सूचना वाटते. हाताने लेआउट करताना शेजारचा सीनियर हटकतो. ऑटोमॅटिक प्लेसमेंटचं टूल (ठोकळ्यांच्या जागा आपोआप ठरवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे प्लेसर) मात्र दिलेला कन्स्ट्रेंट, म्हणजे मांडणीची अट, निमूटपणे पाळतं, चुकीचा असला तरी.

सिमेट्री म्हणजे आरसा. डिफरन्शियल पेअर म्हणजे दोन सिग्नलमधला फरक टिपणारी, हुबेहूब सारख्या ट्रान्झिस्टरची जोडी. तिच्यातला ए डावीकडे, बी उजवीकडे, मध्ये अक्ष. कागदाची घडी घातली तर ए बरोब्बर बीवर पडतो. दोन्हीकडच्या तारा सारख्या निघतात, आणि अक्षावर एखादं गरम डिव्हाइस असेल तर त्याची आच दोघांना सारखीच लागते.

कॉमन सेंट्रॉइडमध्ये एकेका ट्रान्झिस्टरचेच तुकडे करतात आणि ते असे मांडतात की दोघांचा मध्यबिंदू एकाच जागी येतो. समजा ट्रान्झिस्टरमधल्या ऑक्साइडच्या पातळ थराची जाडी डावीकडून उजवीकडे किंचित वाढतेय. चार जागांना १, २, ३, ४ म्हणू. ए-बी-ए-बी ठेवलं तर एच्या वाट्याला १+३=४ आणि बीच्या २+४=६. ए-बी-बी-ए ठेवा: १+४=५, २+३=५. फिटंफाट. आता याचीच मधोमध घडी घाला. ए बीवर पडत नाही, स्वतःच्याच दुसऱ्या तुकड्यावर पडतो! गल्लत इथेच होते: चित्र आरशासारखं दिसतं, पण अदलाबदल होतच नाही.

हा हिशेब सरळ रेषेत बदलणाऱ्या फरकाचा. ट्रान्झिस्टर-ट्रान्झिस्टरमधला निव्वळ योगायोगाचा फरक कुठल्याच मांडणीने जात नाही. पेलग्रोम या संशोधकाच्या १९८९च्या नियमानुसार तो ट्रान्झिस्टरच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. म्हणजे चिपवरची जागाच खर्ची घालावी लागते.

टूलही या दोघांना वेगवेगळं वागवतं. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या १९९१च्या 'कोआन' या प्लेसरपासून सिम्युलेटेड अ‍ॅनिलिंगवर (ठोकळे यादृच्छिकपणे हलवत हळूहळू चांगली मांडणी शोधण्याच्या पद्धतीवर) चालणाऱ्या प्लेसरमध्ये सिमेट्री हा हलत्या ठोकळ्यांवरचा नियम असतो: एक सरकला की जोडीदारही सरकतो. कॉमन सेंट्रॉइडचा गट बहुधा आधीच विणून घेतात आणि प्लेसरला तो एक अखंड आयत म्हणून दिसतो.

दोन्ही हवं असेल तर क्रॉस-क्वाड: वर ए-बी, खाली बी-ए. इथे घडीही जुळते, मध्यबिंदूही. ऑपअ‍ॅम्पच्या (दोन इनपुटमधला फरक वाढवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या) इनपुटला मी हाच घेतो. फक्त तिरप्या तुकड्यांना जोडणाऱ्या तारा एकमेकींना छेदतात, म्हणून एक वरच्या मेटलवर चढवावी लागते आणि ठोकळ्यांनी कमावलेली सिमेट्री तारा थोडीशी घालवतात.