मायग्रेशनसाठी डेटा देण्याआधी: टेबलांची नाती कशी लिहावीत

मायग्रेशनसाठी, म्हणजे जुन्या सिस्टिममधला डेटा नव्या सिस्टिममध्ये हलवायला देताना, ‘टेबलं दिलीत, नाती तुम्हीच शोधा ना,’ असं बरेच ग्राहक म्हणतात. शोधतोही, पण पुष्कळ जुन्या सिस्टिममध्ये फॉरेन की (एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी जोडणारा कॉलम) डेटाबेसमध्ये बांधलेलीच नसते, नातं फक्त प्रोग्रामच्या कोडला ठाऊक असतं. कॉलमच्या नावावरून धरावं, तर ‘कोड’ नावाचा कॉलम पाच टेबलांत सापडतो आणि पाचही ठिकाणी अर्थ निराळा.

म्हणून प्रत्येक नात्याची एक ओळ लिहा: मूळ टेबल व त्याची प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारा कॉलम), अवलंबून टेबल व त्यातला कॉलम, एका नोंदीमागे किती नोंदी, आणि तो कॉलम रिकामा चालतो का. शेवटचा रकाना बहुतेक जण सोडून देतात. रिकामा चालणार नसेल, तर धनी नसलेल्या, म्हणजे मूळ टेबलात जोडीची नोंदच नसलेल्या ‘अनाथ’ नोंदींचं काय करायचं हे लोडच्या आधीच ठरवावं लागतं. ऑर्डरी आणि वस्तूंसारखं दोन्हीकडून ‘अनेक’ असलेलं नातं असेल, तर मधलं जोडटेबलही द्या.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो नीटनेटकेपणा. ग्राहकांची यादी एक्सेलमध्ये घेऊन डुप्लिकेट काढतात आणि आयडी 1 पासून नव्याने लावतात. ऑर्डरींत मात्र जुनेच आकडे राहतात. मग जुन्या 417 क्रमांकाच्या ग्राहकाची ऑर्डर भलत्याच ग्राहकाला चिकटते आणि एररही येत नाही, कारण 417 क्रमांकाचा कुणीतरी आहेच. अनाथ नोंद निदान तपासणीत सापडते, ही सापडत नाही. शिवाय एक्सेल ‘00417’ चं 417 करून टाकतं आणि लांब आकड्यात पंधराव्या अंकापुढे शून्यं भरतं. एक्सपोर्ट कच्चाच पाठवा. सीएसव्ही (एक्सपोर्टची साधी मजकूर-फाइल) एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. डुप्लिकेट असतील तर कोणता आयडी कोणात मिसळायचा, एवढी दोन कॉलमांची यादी पुरे. बाकीचं आम्ही करतो.

नवी सिस्टिम नवे आयडी देते, तेव्हा आम्ही जुन्या-नव्या आयडींचा तक्ता ठेवतो. आधी मूळ टेबलं भरतो, मग अवलंबून. कर्मचाऱ्याचा वरिष्ठ त्याच टेबलात असेल तर दोन फेऱ्या: आधी सगळे कर्मचारी, मग त्यांचे वरिष्ठ.

फॉरेन की चेक (नाती जुळतात का, ही डेटाबेसची तपासणी) बंद करून सगळं एकदम भरा, असाही आग्रह होतो. मायएसक्यूएलमध्ये फॉरेन की चेक पुन्हा चालू केला तरी आधी भरलेल्या ओळी तपासल्या जात नाहीत. त्यामुळे आम्ही प्रत्येक नात्यावर लेफ्ट जॉइन (मूळ नोंद न सापडलेल्या ओळीही दाखवणारी क्वेरी) लावून अनाथ नोंदी मोजतो. ही मोजणी कोटेशनमध्येच धरलेली असते, वेगळे पैसे नाहीत. यादी पूर्ण असली की कोटेशनही लवकर निघतं. एखादं नातं माहीत नसेल तर ‘नक्की नाही’ लिहा, अंदाजाने भरू नका.