एका बुंध्यातली पाच खोडं

चिपळूण-संगमेश्वरकडचं मालकी रान बघायचं तर मार्च-एप्रिलात बघावं. ऐन, नाणा, किंजळ यांची पानगळ झालेली असते आणि झाडं बुंध्यापर्यंत मोकळी दिसतात. एकखोडी झाड फारसं सापडत नाही. जमिनीलगत परातीएवढा रुंद, गाठाळ बुंधा, त्याच्या कडेने गोलात चार-पाच खोडं आणि मधे कुजक्या पाल्याने भरलेला खड्डा. मूळ झाड होतं ते त्या खड्ड्याच्या जागी. भोवतालची खोडं साधारण एकाच जाडीची असतील, तर ती एकाच तोडीनंतर फुटलेली समजायची.

सरपणासाठी, कोळशासाठी काही वर्षांच्या अंतराने रान तोडायचं आणि खुंट जमिनीत राखायचे, ही जुनी रीत. शेंड्याकडून ऑक्सिन नावाचं संप्रेरक सतत खाली येत असतं आणि सालीखालचे डोळे ते दाबून ठेवतं. झाड तोडलं की हा पुरवठा थांबतो, डोळे फुटतात. खाली मुळं आयती, त्यांत स्टार्चचा साठा. त्यामुळे बियाचं रोप जेमतेम वीतभर होतं तेवढ्यात फुटवा डोक्याच्या वर जातो. पुढे फुटव्यांतच चढाओढ लागते आणि थोडेच टिकतात. दर तोडीला खुंट आणखी रुंद होतो.

म्हणून मनगटाएवढ्या खोडाखालची मुळं त्याच्याहून कितीतरी जुनी असू शकतात. सागात वार्षिक कडी स्पष्ट मोजता येतात, पण तीही शेवटच्या तोडीपासूनची. वनखात्याच्या भाषेत ‘विरळ, खुरटं’ ठरणारं रान वयाने खुरटं असेलच असं नाही.

जुन्या वापराची दुसरी खूण डोक्याच्या उंचीवर. भाताच्या दाढीवर, म्हणजे रोपं करायच्या वाफ्यावर, पाला जाळून भाजावळ करायला ऐन-किंजळीचं कवळ, म्हणजे पाल्यासकट डहाळ्या, तोडतात; यालाच राब म्हणतात. वर्षानुवर्षं फांद्या छाटलेलं झाड खांबासारखं सरळ राहतं, अंगावर गाठीच गाठी. या राबावरून इंग्रज सरकार आणि शेतकरी यांच्यात इतका वाद पेटला, की ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांसाठी १८८५ साली जंगल कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७चा.

इंग्लंडमध्ये १६०० सालापासून सलग टिकलेल्या रानाला प्राचीन मानतात. सफकमधल्या ब्रॅडफिल्डच्या रानात तर १२५२ पासून अशी तोड चालत आली आहे. कोकणातल्या मालकी रानांचे इतके सलग कागद मिळणं कठीण, त्यामुळे जमिनीवरच्या खुणांवर भिस्त. रानाच्या पोटात जांभ्याचा गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांचा बांध, गेलेला दिसला, तर तिथे कधीकाळी वरी-नाचणीचं वरकस, म्हणजे उतारावरचं हलकं शेत, होतं का, हे विचारावं. गडग्यावरच मोठी झाडं उभी असतील, तर ती जागा सोडून बराच काळ लोटलाय. एखादी पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, मधेच झाडोऱ्यात हरवते. उतारावर उगाच सपाट केलेला गोल तुकडा आणि पायाखाली काळी माती दिसली, तर ती बहुधा कोळशाची भट्टी. ही मेहनत अनेक ठिकाणी कातकऱ्यांची, आणि तिची नोंद कुठल्या सातबाऱ्यावर नाही.

कोळशाच्या तुकड्यात लाकडाची पेशीरचना शाबूत राहते. सूक्ष्मदर्शकाखाली झाडाची जात, निदान कूळ, ओळखता येतं. वय काढणं मात्र अवघड, कारण साधारण १६५० ते १९५० या काळासाठी रेडिओकार्बनचं उत्तर फार ढोबळ येतं, आणि आपल्या बहुतेक भट्ट्या त्याच काळात पडण्याची शक्यता. तिथे गावातल्या म्हाताऱ्यांची आठवण प्रयोगशाळेपेक्षा कामाची.

देवराईतल्या गारंबीच्या वेलाचे फोटो सगळे काढतात. शेजारचं मालकी रान मात्र ‘नुसतं माजलंय’ म्हणून काजूसाठी जेसीबीखाली जातं. झाडतोडीबद्दलच्या १९६४च्या राज्य कायद्याने त्याच्या अनुसूचीतली झाडं तोडायला परवानगी लागते, पण ती झाडापुरती. खुंट, गडगा, भट्टी यांची दखल त्यात नाही. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत त्या जागा नकाशासह चढवता येतात. आडवळणाचा का होईना, हा मार्ग आज हाताशी आहे.

सरसकट तोडबंदी मला पटत नाही. हे रान कोयत्यानेच घडलंय. तोड जमिनीलगत आणि किंचित उतार देऊन करावी, म्हणजे पाणी खुंटात मुरत नाही. नंतरची दोन-तीन वर्षं गुरं आणि वणवा आत येऊ देऊ नये, कारण कोवळा फुटवा पुन्हापुन्हा खाल्ला गेला की मुळांतला साठा संपतो आणि खुंट मरतो. गडग्याचे दगड नव्या कुंपणाला उचलू नयेत. भट्टीची माती तर उकरूच नये: थर विस्कटले, की हाती आलेला कोळसा कुठल्या वेळच्या जाळाचा हे कुणालाच सांगता येत नाही.