कुत्रा गेल्याचं दुःख किती जुनं?

घरातला कुत्रा गेला की माणूस चारचौघांत मोकळेपणी रडत नाही. 'शेवटी जनावरच ते' असं कुणी म्हणेल, ही धास्ती असते. हा संकोच मात्र फार जुना नसावा. दुःखाच्या खुणा थेट अश्मयुगापर्यंत जातात.

जर्मनीत बॉनजवळच्या ओबरकासेल इथे १९१४ मध्ये खाणकामगारांना सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं दफन सापडलं. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि जेमतेम सात महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू होतं. पिल्लाच्या दातांचा बारकाईने केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्याला बहुधा डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा आजार झाला होता आणि तरी ते कित्येक आठवडे जगलं. कुणी पाणी पाजल्याशिवाय, ऊब दिल्याशिवाय, उलट्या-जुलाब साफ केल्याशिवाय हे शक्य नव्हतं, असं संशोधकांचं मत आहे. शिकारीला किंवा राखणीला त्या पिल्लाचा काडीचा उपयोग नव्हता. कुत्रा निव्वळ कामापुरता जवळ केला गेला, असं मानणाऱ्यांनी हे दफन जरूर लक्षात घ्यावं.

इस्रायलमधल्या ऐन मल्लाहा इथल्या सुमारे १२,००० वर्षांपूर्वीच्या कबरीत तर माणसाचा हात पिल्लावर ठेवलेला आढळला.

पुढे लेखी पुरावे मिळू लागतात. प्राचीन इजिप्तमध्ये एका राजाने आपल्या राखणदार कुत्र्यासाठी शवपेटी, तलम कापड, धूप आणि स्वतंत्र थडगं दिल्याचा शिलालेख १९३५ साली गिझात सापडला. कुत्रा मेला की इजिप्शियन घरातली माणसं डोक्यासकट सर्वांग भादरतात, असं प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने नोंदवलं आहे. म्हणजे सुतक उघडउघड पाळलं जाई.

आपल्याकडे महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी आणि चारही भाऊ कोसळले, तरी कुत्रा युधिष्ठिराच्या सोबत राहिला. इंद्राने कुत्र्याला सोडून रथात बसायला सांगितलं, तेव्हा युधिष्ठिराने स्वर्ग नाकारला. कसोटी लागली ती माणसाच्या निष्ठेची. जपानच्या हाचिको कुत्र्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे: मालक १९२५ मध्ये वारले, आणि तो १९३५ पर्यंत त्यांची वाट पाहत शिबुया स्टेशनवर येत राहिला.

समाज ज्याची दखल घेत नाही अशा शोकाला अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८० च्या दशकात स्वतंत्र नाव दिलं. पाळीव प्राणी गमावल्याचं दुःख त्यात येतं. त्याच दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या एका पशुवैद्यक महाविद्यालयाने अशा माणसांसाठी फोनवर बोलण्याची सोय सुरू केली.