रेडिओ बंद झाल्यावर

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, एरी सरोवराच्या काठी, सँडस्की नावाचं शहर आहे. १९४० च्या मे महिन्यात या शहरात आणि भोवतालच्या एरी काउंटीत काही मुलाखतकार घरोघरी फिरायला लागले. पुढच्या महिन्यात ते पुन्हा आले, त्याच्या पुढच्या महिन्यातही. दारं तीच, माणसं तीच आणि प्रश्नही बरेचसे तेच. अध्यक्षपदासाठी कोणाला मत देणार? मागच्या खेपेला सांगितलं होतं त्यात बदल झालाय का? झाला असेल तर कशामुळे?

त्या वर्षीची निवडणूक साधी नव्हती. अमेरिकेत तोवर कोणीही तिसऱ्यांदा अध्यक्ष झालेलं नव्हतं आणि फ्रँकलिन रूझवेल्ट तिसऱ्यांदा उभे होते. समोर होते वेंडेल विल्की, वीज कंपनी चालवलेले उद्योजक, आधी एकही निवडणूक न लढवलेले. जूनमध्ये फ्रान्स जर्मनीपुढे पडला. वर्तमानपत्रं आणि रेडिओ निवडणूक आणि युद्ध यांनी भरून गेले होते. युरोपातल्या हुकूमशहांनी रेडिओचा कसा वापर केला हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. त्यामुळे प्रसारमाध्यमं लोकांची मतं हवी तशी वळवू शकतात, अशी धास्ती तेव्हा अनेक जाणत्या लोकांनाही होती.

ही धास्ती खरी की खोटी, हे पाहायला कोलंबिया विद्यापीठातलं रेडिओ संशोधन कार्यालय एरी काउंटीत उतरलं होतं. पॉल लाझार्सफेल्ड, बर्नार्ड बेरेलसन आणि हेझल गॉडेट हे तिघे या अभ्यासाचे लेखक. त्यांच्या पद्धतीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण खरी कल्पकता तिथेच आहे.

समजा मे महिन्यात शंभर माणसांना विचारलं आणि पन्नास जण रूझवेल्टच्या बाजूचे निघाले. ऑक्टोबरमध्ये वेगळ्या शंभर जणांना विचारलं, पुन्हा पन्नास. मग कोणीच मत बदललं नाही, असं म्हणता येईल का? मुळीच नाही. दहा जण इकडून तिकडे गेले असतील आणि दहा तिकडून इकडे आले असतील. बेरीज सारखीच राहते, हालचाल मात्र दिसत नाही. ती पाहायची तर त्याच माणसांना पुन्हा पुन्हा भेटावं लागतं. म्हणून त्यांनी सहाशे जणांचा एक गट निवडला आणि नोव्हेंबरपर्यंत दर महिन्याला त्यांच्याशी बोलत राहिले. पण सारखं विचारल्यामुळेच माणूस विचार करायला लागला आणि बदलला तर? ही शंका त्यांनाही आली होती. म्हणून सहाशे-सहाशेचे आणखी तीन गट ठेवले आणि त्यांना नंतर एकेकदाच विचारून उत्तरं ताडून पाहिली.

निकालाने संशोधकच चकित झाले. मे ते नोव्हेंबर एवढ्या गदारोळात एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे गेलेले लोक सुमारे ८ टक्केच होते. निम्म्याहून जास्त लोकांच्या बाबतीत प्रचाराने आधीचंच मत पक्कं केलं. भाषणं आवर्जून ऐकणारे आणि बातम्या मन लावून वाचणारे लोक बहुतेक आधीच ठरवून बसलेले होते. ज्यांचं ठरलेलं नव्हतं, त्यांच्यापर्यंत हे सगळं फारसं पोचतच नव्हतं.

मग त्यांच्यापर्यंत काय पोचत होतं? गप्पा. सरासरी कुठलाही दिवस घेतला, तर त्या दिवशी एखादं मोठं भाषण ऐकणाऱ्यांपेक्षा किंवा निवडणुकीची बातमी वाचणाऱ्यांपेक्षा निवडणुकीबद्दल कोणाशी तरी बोललेले लोक किमान १० टक्क्यांनी जास्त भरत. एका हॉटेलात वाढपाचं काम करणाऱ्या बाईचं उदाहरण या अभ्यासात आहे. तिने विल्कीविरुद्ध थोडंफार वाचलं होतं, पण मत फिरलं ते ऐकीव बोलण्यावरून. जेवायला येणारी गिऱ्हाइकं म्हणत होती की हा माणूस काही कामाचा नाही. कोणी तिला पटवायला आलं नव्हतं. ताटं ठेवता ठेवता तिच्या कानावर पडलं, एवढंच.

यातूनच संवादशास्त्रातली एक मोठी कल्पना निघाली. बातमी माध्यमातून थेट सगळ्यांच्या डोक्यात शिरत नाही. आधी ती आपल्या ओळखीतल्या, बातम्यांकडे लक्ष असणाऱ्या एखाद्या माणसापर्यंत येते आणि त्याच्या किंवा तिच्या तोंडून पुढे जाते. असा माणूस मोठा पुढारीच असतो असं नाही. शेजारीण असते, कारखान्यातला सोबती असतो.

याच अभ्यासातली एक छोटी नोंद मला सगळ्यात बोलकी वाटते. ४५ बायकांनी सांगितलं की आम्ही नवऱ्याशी निवडणुकीबद्दल बोललो. तितक्याच पुरुषांना विचारलं, तेव्हा बायकोशी बोललो असं फक्त ४ जण म्हणाले. स्वयंपाकघरातलं तेच बोलणं बाईच्या लेखी चर्चा होती आणि पुरुषाच्या लेखी ती मोजण्यासारखीच नव्हती.

बायकांचं बोलणं मोजण्यासारखं आहे, हे त्याच कार्यालयातल्या एका बाईंनी दाखवलं. त्यांचं नाव हेर्टा हेर्त्सोग. मूळच्या व्हिएन्नाच्या, मानसशास्त्रात डॉक्टरेट झालेल्या. सहकारी निवडणुकीच्या मागे असताना त्या दुपारच्या रेडिओ मालिका ऐकणाऱ्या गृहिणींशी बोलत होत्या. रोज पंधरा मिनिटांच्या या मालिकांचा खर्च साबणाच्या कंपन्या उचलत, म्हणून त्यांना 'सोप ऑपेरा' म्हणत. शहाण्यासुरत्या मंडळींनी या मालिकांना रिकामटेकड्यांचा उद्योग ठरवून टाकलं होतं. हेर्त्सोग यांनी न्यूयॉर्क परिसरातल्या शंभर बायकांना शांतपणे विचारलं, तुम्हाला यातून काय मिळतं? तोवर माध्यम माणसाचं काय करतं, हाच प्रश्न विचारला जात होता. माणूस माध्यमाचं काय करतो, हा प्रश्न त्यांनी पुढे आणला.

उत्तरं तीन प्रकारची निघाली. काहींना रडून मोकळं होता येत होतं, आपल्यासारखी दुःखं दुसऱ्यालाही आहेत याचा आधार वाटत होता. काही जणी न मिळालेलं सुख मनोमन जगून घेत होत्या. तिसरा प्रकार कोणाच्या मनातही आला नव्हता: बायका मालिकांमधून सल्ला घेत होत्या. मूल हट्टाला पेटलं तर काय करावं, नवऱ्याशी कोणत्या वेळी बोलावं, दुःखाची बातमी आली तर कसं वागावं. नंतरच्या एका मोठ्या पाहणीत, अडचणींना तोंड द्यायला मालिकांची मदत होते असं ४१ टक्के श्रोत्या म्हणाल्या. मदत होत नाही म्हणणाऱ्या २८ टक्के होत्या.

हे वाचताना मला माझी मावशी आठवते. संध्याकाळची मालिका संपली की ती बहिणीला फोन लावते आणि मालिकेतली सून कुठे चुकली, सासूने कुठे तोंड आवरायला हवं होतं, याचा पंचनामा होतो. खोलीत तिची स्वतःची सून भाजी निवडत बसलेली असते. लेकी बोले सुने लागे ही म्हण आपल्याकडे उगाच आलेली नाही. समोरासमोर काढता न येणारा विषय मालिकेच्या आडून काढता येतो, आणि कितीदा तरी ती सूनही मालिकेतल्या सुनेची बाजू घेऊन आपलं म्हणणं मांडते. कुणाचा अपमान न होता वाद होतो. निवडणुकीतला उमेदवार घरात हेच काम करतो. तो खरा की खोटा, कणखर की उद्धट, यावर बोलताना आपण एकमेकांना आपली मूल्यंच सांगत असतो.

माणसांबद्दलचं बोलणं मेंदूत इतकं पक्कं का बसतं, याचा एक सुंदर प्रयोग आहे. २००६ मध्ये अॅलेक्स मेसूदी, अँड्र्यू व्हाइटन आणि रॉबिन डनबार यांनी तो प्रसिद्ध केला. आपल्या कानगोष्टीच्या खेळासारखाच. एकाने मजकूर वाचायचा, आठवेल तसा लिहायचा, ते लिखाण दुसऱ्याने वाचायचं, असं चार जणांपर्यंत. काही मजकूर माणसांच्या परस्परसंबंधांचा होता, काही एकट्या माणसाच्या कृतीचा, काही निसर्गातल्या घटनेचा. संबंधांचा मजकूर साखळीच्या शेवटापर्यंत जास्त प्रमाणात आणि जास्त अचूक टिकला. त्यातलाही एक मजकूर चटकदार भानगडीचा होता आणि दुसरा साध्या देवाणघेवाणीचा. दोन्ही सारखेच टिकले. म्हणजे लक्षात राहायला भानगड लागत नाही. कोण कोणाशी कसं वागलं, एवढं पुरतं.

बातम्या देणाऱ्यांनी मात्र मालिकांकडून नेमकं उलटं उचललं, असं मला वाटतं. अमेरिकी दूरचित्रवाणीच्या संध्याकाळच्या बातम्यांमध्ये १९६८ च्या निवडणुकीत उमेदवाराचं अखंड बोलणं सरासरी ४३ सेकंद ऐकू येत असे. १९८८ पर्यंत ते ९ सेकंदांवर आलं. उरलेल्या वेळात कोण पुढे, कोण मागे, कोणी कोणावर कुरघोडी केली हे सांगणारे पत्रकार आले. घोड्यांच्या शर्यतीसारखं वार्तांकन असं अभ्यासक त्याला म्हणतात. उद्या काय होणार ही हुरहुर मालिकेकडून आली, पण मालिकेचा दुसरा अर्धा भाग आला नाही. मालिका पात्राला बोलू देते. तासन्‌तास, महिनोन्‌महिने. म्हणून तर मावशी त्या सुनेबद्दल इतकं बारकाईने भांडू शकते. नऊ सेकंदांत ऐकलेल्या माणसाबद्दल भांडायला शेरे आणि अफवाच हाताशी उरतात, आणि हॉटेलातल्या त्या बाईच्या कानावर मग तेच पडतं.

हेर्त्सोग पुढे जाहिरात क्षेत्रात गेल्या आणि निवृत्तीनंतर युरोपात परतल्या. १९८० च्या दशकात 'डॅलस' ही अमेरिकी मालिका जर्मनीत घरोघरी पाहिली जात होती. सत्तरी ओलांडलेल्या हेर्त्सोग यांनी पुन्हा अभ्यास हाती घेतला आणि जर्मन प्रेक्षकांना विचारायला सुरुवात केली, यात तुम्हाला काय दिसतं?