घरगुती संगणकावरील दीर्घ ध्वनिमुद्रण

घरातल्या संगणकावर तासन्‌तास चालणारे वाचन किंवा बोलणे मुद्रित करून जपण्याची पद्धत. मुंबईत ती अंध वाचकांसाठी पुस्तके वाचायला, वडीलधाऱ्यांच्या आठवणी नोंदवायला आणि श्राव्य पुस्तके, पॉडकास्ट करायला वापरतात. एखादे गाणे काही मिनिटांत संपते. इथे महिन्याभराने वाचलेले प्रकरण पहिल्या प्रकरणाच्या आवाजाशी जुळावे लागते. या कामातली बहुतेक शिस्त त्याच गरजेपोटी आली आहे.

९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांत संपे, आणि गोष्ट रंगात आली असतानाच बटण खटकन वर येई. संगणकाने ही अडचण दूर केली. सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापे (नमुने), प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि मोनो, म्हणजे एकच वाहिनी, असे ठेवले तर तासाला सुमारे ३१८ मेगाबाइट जागा लागते. एकाच माणसाच्या बोलण्याला स्टीरिओ (डावी-उजवी अशा दोन वाहिन्या) लावू नये, नुसती फाइल दुप्पट होते. आवाज न दाबता जसाच्या तसा साठवणाऱ्या वेव्ह फाइलमध्ये आकाराची नोंद ३२ बिटांत होत असल्याने ती ४ गिगाबाइटपर्यंतच वाढते, म्हणजे मोनोत साधारण साडेतेरा तास. घरच्या कामाला एवढे पुष्कळ झाले. खरा घात होतो तो संगणक मध्येच झोपी गेल्याने किंवा आपोआप अपडेट सुरू झाल्याने. दोन्ही आधी बंद करावे. २००० साली आलेला ऑडॅसिटी हा ध्वनिमुद्रणाचा मोफत प्रोग्राम वीज गेल्यावरही तोवरचे मुद्रण बहुधा परत मिळवून देतो. तरी दर अर्ध्या तासाने थांबून फाइल सेव्ह करणे बरे.

मुंबईत अवघड असते ती शांतता. रुळांलगतच्या घरात शेवटची लोकल गेल्यापासून पहिली सुटेपर्यंत रात्रीचे जेमतेम दोन-तीन तास मिळतात. चाळीत पहाटे पाणी आले की पिंपे, बादल्या, मोटार यांचा आवाज भिंतीतून येतो. दुपारची जेवणे आटोपल्यावर, दोन ते चारच्या दरम्यान, बऱ्याच वस्त्या थोड्या निवतात. घरी वाचणाऱ्यांनी हीच वेळ धरून ठेवावी. एप्रिल-मेमध्ये कोकिळा आणि पावसाळ्यात पत्र्यावरची सर कुठल्याही खिडकीतून आत येते. गणपतीच्या दहा दिवसांत मुद्रणाचा विचारच करू नये.

पंखा बंद ठेवावा लागतो. त्या उकाड्यात वीस-पंचवीस मिनिटांपलीकडे आवाज टिकत नाही, म्हणून बैठका छोट्या ठेवाव्यात. उघड्या भिंतींमुळे खोली घुमते. समोर कपड्यांचे उघडे कपाट आणि मागे दोरीवर टाकलेली गोधडी, एवढ्यानेही फरक स्पष्ट ऐकू येतो. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला की विजेच्या पुरवठ्यातून येणारी ५० हर्ट्झची घूंघूं पुष्कळदा थांबते.

माइक तोंडापासून एक वीत दूर आणि किंचित तिरका असावा. समोर धरला तर प, फ, भ यांची फुंकर त्यावर आदळते, आणि मराठीत महाप्राण काही कमी नाहीत. मोठ्यात मोठा आवाजही उणे ६ डेसिबलच्या खाली राहील इतकाच गेन (माइकचा आवाज वाढवण्याचे प्रमाण) ठेवावा. फाटलेला आवाज नंतर नीट दुरुस्त होत नाही. बसण्यापूर्वी कालची शेवटची दोन मिनिटे ऐकावीत आणि तोच सूर, तीच गती पकडून पुढे जावे. ही सवय महागड्या माइकपेक्षा जास्त उपयोगी पडते.

चूक झाली की थांबून टाळी वाजवावी आणि वाक्य पहिल्यापासून म्हणावे. पडद्यावर टाळीचा उभा सुळका लगेच दिसतो, त्यामुळे तासाभराचे मुद्रण पुन्हा ऐकत बसावे लागत नाही. प्रत्येक बैठकीत काही न बोलता खोलीचा अर्धा मिनिट आवाजही मुद्रित करावा. कापलेल्या जागी तोच भरतात. पूर्ण निःशब्द जागा कानाला खड्ड्यासारखी लागते.

अंधांसाठीच्या वाचनाची मुंबईत जुनी परंपरा आहे. १९५२ साली स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था वरळीला असून तिथे बोलत्या पुस्तकांचे काम चालते. प्रताधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनंतर दिव्यांगांसाठी ना-नफा तत्त्वावर अशी सुलभ प्रत करण्यास मुभा आहे. पुस्तक श्राव्य म्हणून विकायचे असेल तर मात्र हक्कधारकाची परवानगी लागते.

आठवणी नोंदवताना सूचना आणि काटछाट यांत हात आखडता घ्यावा. आजीच्या बांगड्या टेबलावर वाजत असतील तर माइकखाली घडी घातलेला टॉवेल ठेवावा, बांगड्या काढायला लावू नयेत. नाव आठवताना ती थांबते तो क्षणही कापू नये. ऐकण्यासाठी घरच्यांना ६४ केबीपीएसची (सेकंदाला ६४ किलोबिट) एमपी३ प्रत पुरते, तासाला जेमतेम २९ मेगाबाइटची. मूळ वेव्ह फाइल हात न लावता दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि नावात तारीख, बोलणारीचे नाव व तिचे गाव लिहावे.